विषावरचा हंडा

मांजरं उंदरांना बिचकून असायची, त्या काळची गोष्ट. उंदरांनी गोदामातून पळवलेलं एक पोतं उंदीर मारायच्या औषधाचं निघालं. निम्मं गाव आडवं झालं. उरलेल्यांनी ते पोतं खोल पुरलं आणि पुढच्या पिढ्यांना सावध करायला त्यावर तांब्याचा एक बोलका हंडाही पुरला. तांबं सडत नाही, एवढाच त्यांचा विचार.

हंडा बिचारा पिढ्यान्‌पिढ्या अंधारात एकच वाक्य घोकत बसला. शेवटी एकदा माती हलली आणि उंदरांचे पाटील शेपटेराव आत डोकावले.

"मागं फिरा," हंडा म्हणाला. "माझ्याखाली विष आहे. तुमच्याच पूर्वजांचा निरोप आहे."

शेपटेराव मिशीत हसले. "गुप्तधनावरचा हंडा असंच बोलतो. धन मोठं, तेवढी धमकी मोठी."

हंडा जीव तोडून ओरडू लागला, तसा खणणाऱ्यांना आणखी जोर चढला. त्यांनी हंड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पोत्यातला माल प्रसाद म्हणून वाटून खाल्ला.

वाचलेल्यांनी उरलेलं विष पुन्हा पुरलं. शेपटेरावांचे चिरंजीव हंड्याजवळ येऊन नम्रपणे म्हणाले, "काका, तांब्याच्या शब्दाचं वजन पडलं नाही. या वेळी चांदीचा हंडा पुरतो."