अस्वलाचं रोजचं लग्न

जनावरांच्या घरोघरी कॉम्प्युटर होते, तेव्हाची गोष्ट. साळिंदराच्या कॉम्प्युटरवर रोज एकच पान उघडे: 'आज अस्वलाचं लग्न, अगत्य यावे.' साळिंदर रोज आहेर घेऊन जाई. दारी आलेल्याला परतवायचं कसं, म्हणून अस्वलही रोज मुंडावळ्या बांधून बोहल्यावर चढे.

शेवटी अस्वलीण वैतागून, बाळाला कडेवर घेऊन साळिंदराकडे आली. तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, वायर हलवली, तरी पान तेच. "भावोजी, तुमचा ब्राउझर नवं पान आणतच नाही, साठवलेलं जुनंच दाखवतो. तो साठा पुसून टाका."

"साठवलेलं कुणी टाकतं का?" साळिंदर कुरकुरलं, पण त्याने साठा पुसला.

लगेच नवं पान उघडलं: 'आज अस्वलाच्या बाळाचं बारसं.'

साळिंदराचे काटे ताठ झाले. "वहिनी, कालच तर तुमचं लग्न लागलं. आता मात्र हा कॉम्प्युटर खरंच बिघडला."