सगळ्यांत मागं राहणारा

हात नका लावू, बाबांनो, कप काचेतूनच बघा. चांदी काळवंडलीय, एक कान तुटलाय. खालच्या पट्टीवर तिसऱ्या नावाची जागा खरवडलेली दिसते ना? ती राणू अंबीनं स्वतः विळ्यानं खरवडली, असं सांगतात.

माझ्या आजोबांच्याही आधीची गोष्ट. वर तारेवाडीपासून आमच्या या घाटापर्यंत कृष्णेतून बारा मैल पोहायची शर्यत असे. सलग तीन वर्षं पहिला येईल त्याला कप कायमचा. राणू नदीवर नाव चालवायचा, दोन वर्षं तोच पहिला. तिसऱ्या वर्षी त्याला हौस आली, दोघं भाऊ पहिले-दुसरे यावेत. धाकटा सातू नुकताच तापातून उठलेला. पण “दादा, तू म्हणतोस तर उतरतो,” म्हणाला म्हणे.

राणू पहिला आला. त्याला बघून सोबतीच्या नावेतल्या एका गड्याला राहवेना, त्यानं पाण्यात उडी ठोकली आणि बाकीच्यांबरोबर तोही पोहत काठाला लागला. आमची ही खोडच हो! सगळे वर आल्यावर पंचांनी डोकी मोजली. एकवीस उतरले होते, एकवीस भरले. ओल्या अंगांच्या त्या गर्दीत तोंडं कोण बघतो? हलगी कडाडली, राणूला खांद्यावर घेऊन गावभर फिरवला. सातू दमून घरी गेला असेल, असं त्याला वाटलं.

दिवस कलताना तो घरी पोचला, तर आई दारातच. “सातू कुठाय रे?”

राणू तसाच नदीकडं पळाला. पायात गोळा आलेला सातू वरच्या वळणावर बाभळीच्या फांदीला धरून होता. अंग थंड पडलेलं, जीव केव्हाच गेलेला. पलीकडच्या मेंढक्यानं सांगितलं, दुपारभर “दादा, दादा” ऐकू येत होतं, शर्यतीतलाच ओरडा समजून त्यानं कानाआड केलं. मोजणीतला एकविसावा तो नावेतला गडी होता.

राणूनं नाव खरवडलं, कप या देवळात आणून ठेवला. पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरला, पण सगळ्यांच्या मागं. जो थकेल त्याला धरून काठाला लावायचा. असा सव्वीस वर्षं मागं राहिला, म्हणतात.

आजही इथं एक जाणता गडी मुद्दाम सगळ्यांत मागं पोहतो. तो वर येईपर्यंत आताच्या शर्यतीच्या कपाला कुणी शिवत नाही, आणि त्याचं नाव कपावर कधीच कोरत नाहीत. गेली अठरा वर्षं तो मीच आहे. दमलो हो आता, उजवा खांदा उचलत नाही. परवाच्या बैठकीत विचारलं, यंदा मागं कोण राहील? सगळ्यांनी माना खाली घातल्या. चिडून म्हणालो, मग शर्यतच बंद करा. तेही कुणाला नको.

तेव्हा रविवारी मीच उतरणार. तुम्ही तोवर मुक्कामाला असलात तर एवढं करा, मी वर आलो का ते बघूनच गाडी पकडा.