ओल्शिनाची घंटा

पोलंड आणि चेकियाच्या सीमेवर, एका ओढ्याच्या दोन काठांना ओल्शिना आणि यासेनेक ही गावं आहेत. बर्फ वितळू लागलं की एका दुपारी पोलिश ओल्शिनाच्या चर्चची घंटा कितीतरी वेळ वाजत राहते. पलीकडे चेक यासेनेकची खानावळ तेव्हा भरलेली असते, आणि टोला पडला की लोक बिअरचे मग उंचावून हसतात. परक्याला वाटतं, जत्रा असावी. खानावळीची म्हातारी मालकीण लुद्मिला त्यामागची हकीकत सांगते. ती ऐकल्यावर तिथली बिअर घशाखाली उतरत नाही.

फार पूर्वी, म्हणे, ओल्शिनात वोइचेख नावाचा घंटावाला होता, एका पायाने अधू. त्याची एकुलती मुलगी हांका यासेनेकच्या गिरणीवाल्याच्या मुलाला दिली होती. या सोयरिकीवर दोन्ही गावांनी नाकं मुरडली. चेकांच्या लेखी पोलिश म्हणजे देवभोळे आणि कांगावखोर. पोलिशांच्या लेखी चेक म्हणजे नास्तिक, भित्रे, बिअरची पिंपं.

एका वर्षी डोंगरातल्या तळ्याचा बांध खचू लागला. ओल्शिना उंचावर, पाणी जाणार होतं ते थेट यासेनेकच्या गिरणीवर. वोइचेख घंटेच्या दोराला लोंबकळला आणि खाली जमलेल्या पोरांवर ओरडला, "पूल ओलांडा रे! माझी लेक आहे तिकडे!"

"त्या नास्तिकांचा उंबरा आम्ही नाही चढणार, काका. घंटा वाजतेय, तेवढं पुरे."

यासेनेकात तेव्हा, असे सांगतात, टेकडीवरच्या खानावळीत गिरणीवाला नातवाच्या जन्माची मेजवानी देत होता. तान्हं बाळ खाली गिरणीत, पाळण्यात झोपलं होतं. हांका वाढता वाढता थांबली.

"मामंजी, ही प्रार्थनेची घंटा नाही. बाबा अशी कधी वाजवत नाहीत. चला ना कुणीतरी!"

"सूनबाई, तुमच्याकडे संताला शिंक आली तरी घंटा वाजते. बिअरचे मग भरा."

सारी खानावळ खदखदून हसली. हांका एकटीच गिरणीकडे धावली. गिरणी गेली, पाळणा गेला, हांका गेली. हसणारे तेवढे टेकडीवर कोरडे राहिले.

वोइचेख नवस बोलला: पलीकडचा एक जण तरी येऊन 'काय झालं?' असं विचारीपर्यंत दरवर्षी या दिवशी घंटा वाजेल.

आजही ती वाजते. ओल्शिनावाले छाती काढून सांगतात, 'आम्ही तर बजावलं होतं.' पूल आता मोटार जाईल इतका रुंद आहे, पासपोर्टही कुणी मागत नाही. मग एवढ्या वर्षांत एकही माणूस पलीकडे का गेला नाही, असं एका प्रवाशाने लुद्मिलाला विचारलं.

"आम्ही का जायचं?" ती फणकारली. "तेव्हा त्यांचे पाय मोडले होते का?"

तेवढ्यात टोला पडला, आणि म्हातारीने बिअरचा मग उंचावला.