मुंगीचं पान

कान इकडे करा. गोष्ट छोटी आहे, कारण मुंगीच छोटी आहे.

केवढी? तिळाएवढी.

आज नव्याची पुनव. शेतातलं नवं भात घरात आलं होतं. आजोबांनी दाराला भाताच्या लोंब्या बांधल्या. पिवळ्या पिवळ्या. चुलीवर नव्या तांदळाची खीर चढली.

मुंगीने मान वर करून लोंब्या पाहिल्या.

"माझ्याही दारात नवा दाणा हवा," ती म्हणाली.

मुंगी खळ्यात गेली. तुरुतुरु तुरुतुरु. तिला एक दाणा सापडला. तिच्याहून मोठा! तिने दाणा उचलला आणि निघाली घरी. घरी सहा बहिणी वाट बघत होत्या. "आमची ताई नवा दाणा आणणार!"

वाटेत होता भोपळ्याचा वेल. वेलावर मोठ्ठं पिवळं फूल. मुंगी फुलाच्या काठावरून चालली. पाय घसरला. दाणा सुटला.

टुप्प!

दाणा पडला फुलात. फुलाला वाजत होती थंडी. फुलाने पाकळ्या मिटून घेतल्या. मिट्ट!

दाणा आत. मुंगी बाहेर.

मुंगीला रडू आलं. खूप रडली. पण मुंगीचं रडू ते केवढं! फुलाला कळलंसुद्धा नाही.

मग तिने डोळे पुसले आणि पाकळीवर टिकटिक केलं.

"फुला फुला, उघड ना.
माझा दाणा मिळेना!"

"ऊंऽऽ," फूल म्हणालं. "मला झोप येतेय. भुंगा गायला तर उघडेन. नाही तर नाही."

मुंगी गेली भुंग्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. भुंगा दोडक्याच्या पानाखाली बसला होता. गप्प गप्प.

"भुंग्या भुंग्या, गा ना.
फूल काही उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

"झुऽऽ... झु... नाही जमत गं," भुंगा म्हणाला. "दवाने पंख भिजले. ऊन आलं तर गाईन. नाही तर नाही."

मुंगी चढली पडवळाच्या मांडवावर. तुरुतुरु तुरुतुरु. अगदी टोकाला. तिथून तिने उन्हाला हाक मारली.

"उन्हा उन्हा, ये ना.
भुंगा काही गाईना,
फूल काही उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

"कोण हाक मारतंय?" ऊन लांबून म्हणालं. "मला काही दिसत नाही. पुढे धुकंच धुकं. धुकं सरलं तर येईन. नाही तर नाही."

मुंगी गेली धुक्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. धुकं शेतावर लोळत होतं. पांढरं पांढरं, मऊ मऊ. गाईची शिंगं दिसत होती, गाय दिसत नव्हती. आजोबांची टोपी दिसत होती, आजोबा दिसत नव्हते.

"धुक्या धुक्या, सर ना.
ऊन काही येईना,
भुंगा काही गाईना,
फूल काही उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

"सरू? कसं सरू?" धुकं हळूच म्हणालं. "मला पाय कुठे आहेत? वारा उठला तर सरेन. नाही तर नाही."

खरंच की. धुक्याला पाय नसतात. आणि वारा कुठे होता? केळीला एक नवं पान आलं होतं. अजून उलगडलं नव्हतं, त्याची सुरळीच होती. त्या सुरळीत वारा निजला होता. घुर्रऽऽ. घुर्रऽऽ.

मुंगी गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना.
धुकं काही सरेना,
ऊन काही येईना,
भुंगा काही गाईना,
फूल काही उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "आज काय आहे?"

"नव्याची पुनव आहे."

"मग खिरीचा वास कुठाय?" वारा म्हणाला. "खिरीचा वास आला तर उठेन. नाही तर नाही." आणि त्याने डोळा मिटला. घुर्रऽऽ.

मुंगी गेली स्वयंपाकघरात. तुरुतुरु तुरुतुरु. चुलीवर पातेलं. पातेल्यावर झाकण. आत खीर. रटरट रटरट. सगळा वास झाकणाखाली कोंडलेला.

"आई आई, झाकण काढ ना.
वारा काही उठेना,
धुकं काही सरेना,
ऊन काही येईना,
भुंगा काही गाईना,
फूल काही उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"अगंबाई, मुंगूबाई! आज नव्याची खीर. सगळ्यांची पानं मांडल्याशिवाय झाकण काढायचं नाही, अशी आमची रीत आहे. आम्ही पाच जण. पाच पानं मांडली तर काढेन. नाही तर नाही."

"पानं? कुठल्या झाडाची?"

"झाडाची नाही गं! म्हणजे केळीचीच. पण जेवायची. ज्याचं पान मांडलं, तो आपल्याबरोबर जेवतो. तनू मांडतेय बघ."

तनू चार वर्षांची. ओटीवर बसली होती, गालावर हात ठेवून. समोर चार पानं.

मुंगी गेली तनूकडे. तुरुतुरु... तुरु... तुरु. पाय दुखायला लागले होते बिचारीचे.

"तनू तनू, पान मांड ना.
आई झाकण काढेना,
वारा काही उठेना,
धुकं काही सरेना,
ऊन काही येईना,
भुंगा काही गाईना,
फूल काही उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

"मांडली की सगळी!" तनू म्हणाली. "हे आजोबांचं. हे आत्याचं. हे बाबांचं. हे आईचं. आई म्हणते पाच हवीत. पाचवं कुणाचं तेच आठवत नाही. आठवलं तर मांडेन. नाही तर नाही."

तनूने बोटं मोजली. पुन्हा मोजली. चारच भरली!

तुम्हाला कळलं ना? शूऽऽ. सांगू नका. मुंगीला सांगू दे.

मुंगी पानांपाशी फिरली. आजोबांचं पान. आत्याचं पान. बाबांचं पान. आईचं पान.

"तनू," मुंगी म्हणाली, "आणि तुझं?"

"माझं?" तनू म्हणाली. "माझं! माझंच राहिलं!" ती इतकी हसली, इतकी हसली, की आडवीच पडली.

मग उठून तिने पाचवं पान मांडलं. फट्!

आईने झाकण काढलं. भप्प!

वास सुटला. गुळाचा, नारळाचा, नव्या तांदळाचा. गेला तो थेट केळीच्या सुरळीत.

वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ.
धुकं सरलं. सर सर सर.
ऊन आलं. लख्ख!
भुंगा गायला. झुऽऽम झुऽऽम झुऽऽम.
फूल उघडलं. हळू... हळू... हळू.

आणि मुंगीला मिळाला तिचा दाणा!

मुंगीला इतका आनंद झाला, की तिने आधी त्याला मिठी मारली. मग उचलला आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. दुखणारे पाय कुठल्या कुठे पळाले.

"थांब, थांब!" तनू धावत आली. "जेवायला ये हं."

"पण माझं पान कुठे आहे?" मुंगी म्हणाली.

तनूने इकडे तिकडे पाहिलं. अंगणात तुळस होती. तनूने तुळशीचं एक पान आणलं, छोटंसं. आपल्या पानाशेजारी मांडलं.

"हे तुझं," ती म्हणाली.

मुंगीने घरी जाऊन दाणा दारात ठेवला. सहाही बहिणी दाण्याभोवती नाचल्या. मग सगळ्या जेवायला निघाल्या. पुढे ताई, मागे सहा जणी. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

ओटीवर सगळे जेवायला बसले होते. बाबांनी आणलेल्या भोपळ्याची भाजी. आत्याने तोडलेल्या काकडीची कोशिंबीर. आणि वाफाळती खीर. तेवढ्यात आत्या ओरडली, "अगंबाई, मुंग्या! वहिनी, हळद आणा, हळद!"

हळद टाकली की मुंग्या येत नाहीत ना, म्हणून.

"हळद नको!" तनू म्हणाली. तिने दोन्ही हात आडवे धरले. "त्या घरच्याच आहेत. त्यांचं पान मांडलंय!"

सगळे वाकले. तनूच्या पानाशेजारी खरंच एक पान होतं. एवढंसं.

आजोबांनी बोटाच्या टोकावर खीर घेतली आणि आधी त्या पानावर वाढली. एकच थेंब.

सात जणी जेवल्या. पोटभर. थोडी उरलीसुद्धा.

मग सगळ्यांना गोड गोड झोप आली. आजोबा पेंगले. आत्या पेंगली. गाय ऊन खात पेंगली. वारा पुन्हा केळीकडे गेला. पण सुरळी उलगडली होती, मग तो पानावरच आडवा झाला. मुंग्या घरी जाऊन निजल्या. त्यांच्या दारात नवा दाणा होता. पिवळा पिवळा.

खीर संपली, गोष्ट निजली.

आता सांगा, तुमच्या घरी पानं किती? मोजा बरं. आणि मोजणाऱ्याला विसरू नका हं!