वाऱ्याच्या बाजूची जागा

फार मागची गोष्ट बरं का, ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरणींची शाळा भरायची. पावसाआधी प्रत्येक पिल्लानं आपलं घरटं विणायचं. पण पिवळी नावाच्या पिल्लाचं घर वादळात आईसकट वाहून गेलेलं. वारा हलला, की ती चोचीतली काडी टाकून चोचीनं फांदीच घट्ट धरायची.

"अगं भित्रे, पावसात राहशील कुठं?" पोरं हसायची.

बाई रागावल्या नाहीत. वाऱ्याच्या बाजूला, तिला अगदी खेटून बसल्या. म्हणाल्या, "तू फांदी धर, बाळा. काडी मी धरते."

असे किती दिवस गेले, कोण मोजतं! एका दुपारी वारा आला, बाभळीची फुलं अलगद पाण्यावर उतरली. पिवळीनं चोच सैल केली.

"बाई, काडी द्या," ती पुटपुटली, "पण उठू नका हं."