धामणीच्या वाटीतलं दूध

जनावरं माणसांशी सरळ बोलत, तेव्हाची ही गोष्ट. माती खणताना सगुणा कुंभारणीची कुदळ एका धामणीच्या पाठीला लागली. सगुणाला वाईट वाटलं. तिने धामणीला घरी आणलं, जखमेवर हळद भरली, फुटक्या रांजणात निजवलं आणि पुढ्यात वाटीभर दूध ठेवलं.

वाटी रोज रिकामी व्हायची. सगुणा शेजारणींना सांगायची, "दूध अंगी लागतंय हो तिच्या!" धामण मात्र खंगत चालली होती.

आठव्या दिवशी धामणच बोलली, "सगुणाबाई, मी दूध पीत नाही. मला पाणी द्या, भट्टीजवळची ऊब द्या आणि सारखं डोकावून बघू नका."

"असं कसं? आमच्या आज्यापणज्यांपासून सापाला दूधच देतात."

"त्यांच्यातल्या कुणी सापाला विचारलं होतं का?"

सगुणा उठली. तिने रांजण भट्टीजवळ सरकवला आणि वाटीत पाणी ओतलं. महिन्याभरात जखम भरली. कात टाकून धामण चकचकीत झाली.

तेव्हा घरची मनी मांजर कळवळून म्हणाली, "सगुणाबाई, दूध बंद केलंत आणि बिचारी धामण किती वाळली बघा!"

सगुणाने आधी धामणीकडे पाहिलं, मग मनीकडे.

"कोण वाळलंय ते दिसतंय मला. जा, उंदीर धर."