सुदंताच्या धक्क्याखालचे दगड

पूर्वी सुवहा नदीच्या मुखाशी शंखपट्टण नावाचे बंदर होते. तिथे मितवर्मा राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका गलबतवाल्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव क्षेमदत्त. त्याच्या धक्क्याला लागूनच सुदंत नावाच्या व्यापाऱ्याचा धक्का होता.

रिकामे गलबत पाण्यावर कलंडू नये म्हणून त्याच्या पोटात दगड भरून आणतात. माल चढवायचा तर आधी ते दगड काढावे लागतात. शंखपट्टणात सगळेच ते धक्क्यावरून सरळ नदीत लोटून देत. झटकन काम होई. एकटा क्षेमदत्त मात्र दगडन् दगड हमालांच्या डोक्यावरून काठावर नेत असे. हमाल कुरकुरत. सुदंत हसून म्हणे, “काय रे क्षेमदत्ता, दगडांचं लोणचं घालणार आहेस का?”

“नदीचं पोट आहे, दादा,” क्षेमदत्त म्हणे. “तिला किती गिळायला लावायचं?”

वर्षे गेली. सुदंताच्या धक्क्यापाशी पाणी उथळ झाले. भरती असल्याशिवाय त्याचे गलबत आत येईना. हे त्याला कळत होते, पण तो कुणापाशी बोलत नसे. दुखरा दात जिभेने चाचपावा तसा तो रोज ओहोटीला जाऊन पाणी बघून येई.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी सुदंताचे गलबत नदीच्या मुखात दिसले. त्यात त्याची लेक मेखला होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. वारा पिसाटला होता, शीड फाटले होते आणि ओहोटी लागली होती. माणसे उतरवून आणायला होड्या पाठवल्या, त्या वाऱ्याने मागे लोटल्या. आता थोड्याच वेळात भरतीची पहिली लाट भिंतीसारखी नदीत शिरणार होती. तोवर गलबत कडेला लागले नाही, तर ते मधल्या मध्ये आडवे होणार होते.

सुदंताने आपल्या धक्क्याखाली पाहिले. काळे दगड पाण्यातून डोकी काढून बसले होते. त्यातला एकेक त्याच्याच हुकमाने तिथे गेला होता. खोल पाणी फक्त क्षेमदत्ताच्या धक्क्याला होते. पण तिथे एकाच गलबताची जागा, आणि ती क्षेमदत्ताच्या गलबताने अडवलेली. वर्षभराचा माल भरून ते पहाटे निघायचे होते.

सुदंताची बायको रेवती पदर आवळून उभी होती. “अहो, जा ना. विचारा त्यांना.”

“कोणत्या तोंडाने विचारू?”

“लेकीच्या बापाच्या तोंडाने,” ती म्हणाली. “दुसरं तोंड आज घरी ठेवा.”

सुदंत धावत सुटला. वाटेत शब्द जुळवत होता, पण एकही जिभेवर ठरेना. पोहोचला तेव्हा क्षेमदत्त वाकून स्वतः दोर सोडत होता.

त्याच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल, काकुळतीने म्हणाला, “मालक, माल उतरवायला वेळ नाही. असंच सोडलं तर ते गेलंच म्हणून समजा.”

“आत माणूस आहे का कुणी?”

“नाही. सगळे उतरले.”

“मग सोड. त्या गलबतात माणसं आहेत.”

दोर सुटले. भरलेले गलबत ओहोटीबरोबर निघून गेले आणि मोकळ्या झालेल्या खोल पाण्यात मेखलाचे गलबत वल्ह्यांच्या जोरावर येऊन लागले. तिला हात धरून उतरवतात न उतरवतात तोच लाट आली. मघाशी सोडलेले गलबत त्या लाटेने उचलून मागे आणले आणि सुदंताच्या धक्क्याखालच्या दगडांवर आपटले. फळ्या फुटल्याचा तो आवाज सुदंताने उभ्याने ऐकला.

वळून तो म्हणाला, “माझं गलबत घे, क्षेमदत्ता.”

“ते राहू दे, दादा. आधी लेकीला घरी ने, भिजलीय ती. मग सवडीने दोघं मिळून दगड काढू.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सुदंत कमरभर पाण्यात उतरला. पहिला दगड त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतला. ते पाहून हमाल उतरले, मग शेजारचे व्यापारीही. त्या दगडांचा काठावर नवा धक्का बांधला गेला. अडलेले गलबत कुणाचेही असो, तिथे लागत असे. मेखला आपल्या बाळाला ऊन द्यायला तिथेच घेऊन बसे.

ही कथा तथागतांनी एका गृहस्थासाठी सांगितली. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे वाकडे धरून आता त्याच्याच मदतीची गरज पडली, या धास्तीने तो विहाराच्या कोपऱ्यात बसून होता. तथागत त्याला म्हणाले, “तेव्हाचा सुदंत तू होतास. रेवती तीच, जी आज तुझ्या घरी दिवा लावून वाट पाहते आहे. तांडेल म्हणजे आपला हा भिक्षू आनंद. आणि क्षेमदत्त मी होतो.”

गृहस्थ उठला, वंदन करून बाहेर पडला आणि घरी न जाता आधी शेजाऱ्याच्या दाराशी गेला. त्याने कडी वाजवायच्या आत दार उघडले.

मागणाऱ्याचे तोंड उघडण्याआधी ज्याचा हात उघडतो, त्याची ती दानपारमिता, दानाची पूर्णता.